दाद ना फिर्याद: आभासी विश्वातील तक्रारीचा इतिहास

२०२० सालच्या अखेरीस, टाळेबंदीच्या काळात, आमच्या विषयाची एक परिषद संगणकाच्या पडद्यावर भरली होती. आयोजकांनी हौसेने एक आभासी सभागृह उभारले होते. प्रत्येकाला एक छोटी बाहुली मिळे आणि बाणाच्या कळा दाबून ती सभागृहात फिरवता येई. दोन बाहुल्या जवळ आल्या की त्यांच्यात संवाद सुरू होई आणि दूर गेल्या की थांबे. भिंतींवर पोस्टर लावलेली होती. मी त्या सत्राची स्वयंसेवक होते.

आमच्या गटातील एक संशोधक विद्यार्थिनी आयुष्यातील पहिले पोस्टर घेऊन तिथे उभी होती. सत्र सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली असतील, तोच तिचा फोन आला. एक अनोळखी बाहुली तिच्या पाठीपाठी फिरत होती. ती जिथे जाई तिथे येऊन उभी राही आणि केवळ तिलाच दिसेल असा अश्लील मजकूर लिही. "ताई, काय करू?" तिने विचारले. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "दुर्लक्ष कर. नाहीतर खिडकी बंद करून बाहेर पड."

ती बाहेर पडली. कित्येक महिन्यांच्या कामाचे दोन तासांचे प्रदर्शन तिने सोडले, आणि तो अनोळखी मनुष्य सभागृहातच राहिला. नंतर मी आयोजकांना लिहिले. प्रवेशाचा दुवा सर्वांना एकच दिलेला होता, नाव कोणतेही लिहिता येत होते आणि संवादाची नोंद कुठेही ठेवलेली नव्हती. घडलेली गोष्ट घडलीच नाही, असे म्हणायला पूर्ण वाव होता. दाद ना फिर्याद.

माझा सल्ला मला कुठून सुचला हे मला ठाऊक आहे. एसटीत शेजारच्या माणसाचा कोपर नको तिथे लागू लागला की आमच्या पिढीतील मुलींना घरून एकच शिकवण असे: जागा बदलून बस. मी तीच शिकवण संगणकात नेली होती. पण त्या सल्ल्याला आभासी विश्वातही जुना इतिहास आहे, हे मला नंतरच्या वाचनातून कळले. आज विज्ञानशिक्षणासाठी आभासी विश्वे उभारण्याचे प्रयत्न भारतभर सुरू असताना तो इतिहास विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायला हवा, म्हणून हे लेखन.

अवतार उतरला

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. पुढे तो रिचर्ड बार्टल यांनी पूर्णत्वाला नेला. अनेक माणसे एकाच वेळी ज्यात वावरू शकतील असे ते पहिल्या काही विश्वांपैकी एक. त्यात चित्रे नव्हती, सारे काही शब्दांत होते. तुम्ही खोलीत शिरलात की खोलीचे वर्णन उमटे. शेजारचा काही बोलला की त्याचे वाक्य तुमच्या पडद्यावर येई.

चित्रमय विश्व आले ते १९८६ मध्ये. अमेरिकेतील लुकासफिल्म कंपनीच्या खेळविभागाने 'हॅबिटॅट' नावाचे एक नगर कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी रचले. त्याचे शिल्पकार होते चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर. त्या नगरात वावरणाऱ्या मनुष्याकृतीला काय म्हणावे, असा प्रश्न आला तेव्हा मॉर्निंगस्टार यांनी संस्कृतातील शब्द उचलला: अवतार. आज जगभरच्या भाषांत संगणकाच्या संदर्भात रुळलेला हा शब्द आपल्या घरचा आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'खाली उतरणे'. उतरणारा जो कोणी असेल तो वरच राहत नाही. तो रूपासोबत खाली येतो. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या एका शब्दात आहे. अवताराला इजा झाली तर ती कोणाला झाली?

हॅबिटॅटमध्ये हा प्रश्न लगेच उभा राहिला. तेथे शस्त्रे मिळत. एक अवतार दुसऱ्याला मारू शके, लुटू शके. काहींना ती खेळाची गंमत वाटे, तर काहींना आपल्या नगरात माजलेली गुंडगिरी. खून हा इथे गुन्हा मानावा काय, यावर रहिवाशांचा कौल घेतला गेला तेव्हा मते जवळपास निम्मी-निम्मी पडली. एका धर्मोपदेशकाने तिथे चक्क एक पंथ स्थापला आणि अनुयायांकडून शस्त्र न बाळगण्याची, चोरी व हिंसा न करण्याची शपथ घेतली. नागरिकांनी निवडणूक घेऊन एक शेरीफही निवडला. मात्र त्याचे अधिकार नेमके कोणते हे नीट ठरण्याआधीच तो चाचणीप्रयोग आटोपला. रचनाकारांनी योजलेला तोडगा तांत्रिक होता: नगराच्या हद्दीत शस्त्रे निकामी, हद्दीबाहेर रान मोकळे.

मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी १९९० मध्ये या अनुभवावर एक निबंध सादर केला. नगराचा आराखडा आधीच पूर्ण आखून ठेवता येत नाही, रहिवासी काय करतात ते पाहून तो घडवावा लागतो, हे त्यांच्या अनुभवाचे सार. विश्व निर्माण करणाऱ्यांनी नम्रतेने दिलेली ही कबुली पुढे अनेकांनी विसरून टाकली.

दिवाणखान्यातील रात्र

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये 'लॅम्डामू' हे शब्दमय विश्व सुरू केले. त्याचा गाभा त्यांच्या स्वतःच्या घराच्या नकाशावर बेतला होता. मध्यभागी दिवाणखाना, आणि तिथेच सगळ्यांच्या गप्पांचा अड्डा. या विश्वाचे वैशिष्ट्य असे की रहिवाशांना प्रोग्राम लिहून नव्या वस्तू निर्माण करता येत. व्यवस्थापकांना 'विझर्ड', म्हणजे मांत्रिक, म्हणत. भांडणे सोडवून थकलेल्या कर्टिस यांनी डिसेंबर १९९२ मध्ये जाहीर केले की यापुढे मांत्रिक फक्त तंत्राचे काम पाहतील आणि समाजाचे प्रश्न समाजानेच सोडवावेत.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९९३ मधील एका सोमवारी रात्री, दिवाणखान्यात 'मिस्टर बंगल' नावाचा एक अवतार आला. त्याच्याकडे 'व्हूडू बाहुली' म्हटली जाणारी एक वस्तू होती. तिचे तंत्र साधे होते. अमुक व्यक्ती अमुक कृती करीत आहे, असे वाक्य ती खोलीतील प्रत्येकाच्या पडद्यावर छापे. ते वाक्य त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेले नाही, याची खूण त्यात नसे. बंगलने या बाहुलीच्या जोरावर इतर अवतारांना सर्वांसमक्ष लैंगिक आणि हिंस्र कृत्ये करताना 'दाखवले'. त्याला खोलीतून घालवल्यावरही तो दुरून तेच करीत राहिला. अखेर एका जुन्या जाणत्या रहिवाशाने आपल्याकडील एका साधनाने त्याला अशा पिंजऱ्यात कोंडले, की बाहुलीची शक्ती त्याबाहेर जाऊ शकेना.

दुसऱ्या दिवशी अत्याचार झालेल्यांपैकी 'लेग्बा' नावाच्या अवताराने समाजप्रश्नांच्या सामायिक पत्रसूचीवर आपली तक्रार लिहिली. अवतारामागची स्त्री सिअॅटल शहरात राहत होती. प्रथम तिने संयत भाषेत सभ्य वर्तनाची अपेक्षा मांडली, आणि पुढे बंगलला 'बेडूक' करावे अशी मागणी केली. बेडूक करणे ही मांत्रिकांच्या हातातील सर्वांत कठोर शिक्षा, म्हणजे त्या विश्वातून कायमची हकालपट्टी. तो मजकूर लिहिताना आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते, असे तिने पुढे पत्रकार ज्युलियन डिबेल यांना सांगितले. आभासी विश्वातील गैरवर्तनाच्या तक्रारींचा इतिहास लिहायचा झाला तर ही पहिली ठळक तक्रार मानावी लागेल. कारण ती एका रहिवाशाने समाजापुढे, कारणांसह मांडली होती आणि तिचे पुढे काय झाले याची नोंद आपल्याकडे आहे.

काय झाले? अनेकांनी पाठिंबा दिला. काहींनी तोच सल्ला दिला, जो सत्तावीस वर्षांनी मी देणार होते: दुर्लक्ष करा, बाहेर पडा. 'गॅग' नावाची एक आज्ञा होती, ती वापरली की त्रास देणाऱ्याचे बोलणे आपल्या पडद्यावर येत नसे. पण विचार करा. बंगलने छापलेली वाक्ये फक्त लेग्बाच वाचत नव्हती, सारा दिवाणखाना वाचत होता. लेग्बाने डोळे मिटले तर इतरांच्या डोळ्यांपुढील विटंबना थांबत नव्हती. विटंबना ही नेहमी तिसऱ्याच्या साक्षीने घडते, आणि 'दुर्लक्ष कर' या सल्ल्यात त्या तिसऱ्याचा विचारच नसतो.

काही दिवसांतच एक सभा भरली. सुमारे तीस अवतार जमले. देहदंडासारखी शिक्षा देण्याचा अधिकार कोणाचा, शब्दांनी केलेले कृत्य कृत्य ठरते काय, पडद्याआडच्या खऱ्या माणसाला इथे खेचावे काय, यांवर तासन्‌तास चर्चा झाली. खुद्द बंगलही येऊन गेला. निर्णय मात्र झाला नाही. सभा पांगल्यावर चर्चा ऐकत बसलेल्या एका मांत्रिकाने एकट्याने, स्वतःच्या जबाबदारीवर, ती आज्ञा टंकली आणि बंगल नाहीसा झाला. थोड्याच काळात तो वेगळे नाव घेऊन परतला, हेही नमूद करायला हवे.

प्रवासाहून परतलेल्या कर्टिस यांनी हे सारे वाचून अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू केली. रहिवाशांनी अर्ज मांडावा, सह्या जमवाव्यात, मतदान व्हावे आणि बहुमताचा निर्णय मांत्रिकांनी अमलात आणावा. पाठोपाठ लवादाची व्यवस्थाही उभी राहिली. डिबेल यांचा 'अ रेप इन सायबरस्पेस' हा वृत्तांत डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये प्रसिद्ध झाला आणि कायद्याच्या अभ्यासकांचे लक्ष या नगराकडे गेले. जेनिफर म्नूकिन यांनी १९९६ मध्ये तेथील न्यायव्यवस्थेवर शोधनिबंध लिहिला. लॉरेन्स लेसिग यांनीही आपल्या १९९९ च्या 'कोड' या ग्रंथात त्याची चर्चा केली.

परंतु कथेचा शेवट सुखान्त नाही. १९९६ मध्ये मांत्रिकांनी पुन्हा एक निवेदन काढले. तंत्राचे निर्णय आणि समाजाचे निर्णय वेगळे ठेवता येतील ही समजूत चुकीची होती, असे त्यांनी मान्य केले आणि सामाजिक निर्णयांचा अधिकार परत स्वतःकडे घेतला. सर्व्हरची किल्ली ज्याच्या हाती, सत्ता त्याच्याच हाती, हे सुमारे साडेतीन वर्षांच्या प्रयोगानंतर उघडपणे बोलले गेले.

आपण त्या वेळी कुठे होतो? भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यापूर्वी 'अर्नेट'च्या जाळ्याने मोजक्या शिक्षणसंस्थांना जोडले होते. म्हणजे आपल्याकडचे बहुतेक लोक आत शिरले तेव्हा हा वाद एकदा रंगून गेलेला होता. आपण वारसा घेतला तो तंत्राचा. वादातून निघालेला धडा मागेच राहिला.

गर्दीचा न्याय

पुढच्या दशकात विश्वे मोठी झाली आणि सभा भरवणे अशक्य झाले. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ'मध्ये तक्रारीचा अर्ज आला: कोणी, कुठे, केव्हा, काय केले ते भरून कंपनीकडे पाठवायचे. काही काळ कंपनी आपल्या संकेतस्थळावर पोलिसांच्या रोजनाम्यासारखी यादीही लावत असे, ज्यात गुन्हा आणि शिक्षा यांची नोंद असे, पण नावे नसत. नावे झाकून निकाल जाहीर करण्याची ही रीत मला महत्त्वाची वाटते. तक्रारदाराला आणि इतरांनाही कळे की अर्ज वाचणारा कोणीतरी आहे. याच विश्वात २००८ च्या सुमारास खगोलभौतिकीच्या संशोधकांनी 'मायका' नावाची संस्था स्थापली. तिची व्याख्याने आणि चर्चा आभासी सभागृहांतच होत. विज्ञानाचे जग आभासी विश्वात टाळेबंदीमुळे प्रथमच आले, असा समज त्यामुळे खरा नाही.

'लीग ऑफ लेजंड्स' या खेळाने मे २०११ मध्ये लॅम्डामूच्या सभेचेच एक विराट रूप उभे केले. त्याचे नाव 'ट्रायब्युनल'. एखाद्या खेळाडूविरुद्ध तक्रारी साचल्या की त्या सामन्यांतील संभाषणाची नोंद इतर खेळाडूंपुढे ठेवली जाई आणि ते दोषी किंवा निर्दोष असे मत देत. ही पंचायत २०१४ मध्ये थांबवण्यात आली. मतदानाला वेळ फार लागे आणि शिक्षा होईपर्यंत दोषी खेळाडू आपले कृत्य विसरूनही गेलेला असे. त्या कंपनीतील संशोधकांनी केलेले प्रयोग मात्र विज्ञानाच्या वाचकाने आवर्जून पाहावेत असे आहेत. 'नेचर' या नियतकालिकाने २०१६ मध्ये त्यांवर दीर्घ लेख छापला होता. प्रतिस्पर्धी संघाशी बोलण्याची सोय त्यांनी आपोआप सुरू न ठेवता, हवी असेल त्याने सुरू करावी अशी केली. बंदी कोणावरच नव्हती. तेवढ्या बदलानेही अपशब्दांचे प्रमाण लक्षणीय घटले. शिक्षा झालेल्याला त्याचे नेमके कोणते वाक्य आक्षेपार्ह ठरले हे दाखवले, तर तो सुधारण्याची शक्यता वाढते, असेही आढळले. तक्रारीला उत्तर देणे हा केवळ शिष्टाचार नसून परिणाम घडवणारा उपाय आहे, हे इथे मोजून दिसले.

शरीर आत येते

डोक्यावर चढवायच्या आभासी-वास्तव उपकरणांनी प्रश्नाचे रूप पालटले. ऑक्टोबर २०१६ मध्ये एका अमेरिकी स्त्रीने टोपणनावाने आपला अनुभव लिहिला. 'क्विव्हर' या धनुर्विद्येच्या खेळात सर्व खेळाडू सारखेच दिसत: तरंगते शिरस्त्राण, धनुष्य आणि एक हात. ती स्त्री आहे हे केवळ आवाजावरून कळत होते. तेवढ्यावरून एका अनोळखी खेळाडूने तिचा पिच्छा पुरवला आणि जिथे देह नव्हता तिथे, तिच्या छातीच्या जागी, हात फिरवत राहिला. तो अनुभव तिने प्रत्यक्षातील विनयभंगाच्या बरोबरीने मांडला.

खेळाच्या रचनाकारांनी दिलेला प्रतिसाद आजही आदर्श मानावा असा आहे. त्यांनी जाहीरपणे जबाबदारी स्वीकारली. इतरांचे हात जवळ आले की नाहीसे करणारे आवरण त्यांच्याकडे आधी चेहऱ्यापुरतेच होते. ते त्यांनी साऱ्या शरीराभोवती वाढवले. एका हातवाऱ्यासरशी ते आवरण सुरू व्हावे अशी योजना केली आणि अशी खूण सर्वच आभासी विश्वांत समान असावी, असे सुचवले.

पाच वर्षांनी तोच प्रसंग मोठ्या प्रमाणावर घडला. मेटा कंपनीच्या 'होरायझन वर्ल्ड्स'मध्ये नोव्हेंबर २०२१ च्या चाचणीकाळात एका स्त्रीने आपल्या अवताराशी लगट झाल्याची तक्रार केली. कंपनीच्या अंतर्गत आढाव्यात असे म्हटले गेले की सुरक्षित कवचाची सोय उपलब्ध होती, ती तिने वापरायला हवी होती. जागा बदलून बस, याचेच हे नवे रूप. तथापि टीका वाढल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने प्रत्येक अवताराभोवती एक सीमा आखली. दोन अवतारांत सुमारे चार फुटांचे अंतर आपोआप राहू लागले. ज्याला जवळीक हवी त्याने ती मागावी आणि ज्याला नको त्याला काहीही करावे लागू नये, हे तत्त्व प्रथम नाकारून मग स्वीकारले गेले.

इथे पुराव्याची एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे. लॅम्डामूतील प्रत्येक कृत्य हे वाक्य होते; वाक्य जपून ठेवणे सोपे. आवाज आणि हालचाल यांचे तसे नाही. प्रत्येकाचा प्रत्येक क्षण साठवणे अवाढव्य तर आहेच, शिवाय ती पाळतही ठरते. म्हणून होरायझनमध्ये उपकरण शेवटच्या थोड्या काळाचीच नोंद ठेवते, आणि नवे येईल तसे जुने पुसले जाते. वापरणाऱ्याने तक्रारीचे बटण दाबले तरच ती नोंद कंपनीकडे जाते.

माझ्यासारखीला हे वाचताना कणभौतिकीची प्रयोगशाळा आठवते. जिनिव्हाजवळच्या महाकाय त्वरकात दर सेकंदाला कोट्यवधी वेळा प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांना छेदतात. त्यांतील जेमतेम काही हजार घटना नोंदल्या जातात. बाकीच्या तात्पुरत्या स्मृतीतून पुसल्या जातात. कोणती घटना ठेवायची हे 'ट्रिगर' नावाची यंत्रणा ठरवते. ट्रिगरने सोडून दिलेली घटना कायमची गेली. तिच्याविषयी कोणीही कधीही काही सिद्ध करू शकत नाही. म्हणूनच ट्रिगर कसा असावा यावर भौतिकीतज्ज्ञ वर्षानुवर्षे वाद घालतात. आभासी विश्वात तक्रारीचे बटण हाच ट्रिगर असतो, आणि तो दाबण्याचे काम आपण अशा माणसावर सोपवले आहे ज्याचे हात त्या क्षणी थरथरत असतात. मिनिटभराने भानावर येऊन बटण शोधेपर्यंत पुरावा पुसला गेलेला असू शकतो.

आपल्या देशातील दाद

भारतातील कायद्याने या प्रश्नाला अजून पुरते कवेत घेतलेले नाही, तरी तो मुका नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ७५ मध्ये लैंगिक शेरेबाजी, कलम ७८ मध्ये इंटरनेटवरून ठेवलेली पाळत आणि कलम ७९ मध्ये स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द, हावभाव वा कृती येतात. अवताराच्या हाताने केलेला 'स्पर्श' हा शारीरिक स्पर्श ठरेल काय, हा वादाचा मुद्दा राहील. हावभाव म्हणून तो ओळखीचा ठरायला हरकत दिसत नाही.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ यांनी मंच चालवणाऱ्या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवारण १५ दिवसांत, अशी मुदत होती. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांचा हा अधिकारी भारतात राहणारा असावा, असेही त्यात होते. २०२२ च्या दुरुस्तीने कंपनीच्या निर्णयावर अपील करण्यासाठी समित्यांची तरतूद केली. लेग्बाला हवे होते त्यातील बरेचसे, म्हणजे ऐकायला बांधलेला माणूस, उत्तराची मुदत आणि वर दाद मागायची सोय, हे कागदावर आले.

दोन सावधगिरीचे धडे महाराष्ट्रातच घडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ अस्पष्टतेमुळे घटनाबाह्य ठरवले. 'आक्षेपार्ह' म्हणजे काय हे नीट सांगितले नाही, तर तक्रार हेच छळाचे हत्यार होऊ शकते. दुसरा धडा जालन्याचा. तेथील विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ यंत्रच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये या प्रमाणपत्रात 'हॅश' मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेला ठसा. एक अक्षर बदलले तरी तो पालटतो. पडद्याचे नुसते छायाचित्र पाठवून भागत नाही, ते याचमुळे.

हे विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे आहे म्हणून स्पष्ट लिहिते. असे काही घडले तर आधी सुरक्षित व्हा. मग वेळ, ठिकाण आणि समोरच्याचे वापरनाव लिहून ठेवा, शक्य असेल तर पडदा ध्वनिचित्रमुद्रित करा आणि मूळ फाइल त्याच यंत्रावर, न कापता जपा. विश्वातील बटणावर तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, उत्तर न आल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळ २०१९ पासून चालू आहे. स्त्रिया आणि बालकांशी संबंधित गुन्ह्यांची माहिती तेथे नाव न सांगताही देता येते. १९३० हा दूरध्वनी क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. आणि तुम्ही साक्षीदार असाल तर बटण तुम्हीही दाबू शकता. तुमचे हात थरथरत नसतात.

जागा कोणी बदलावी

मडपासून आजवरचा हा प्रवास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बटण कुठल्या ना कुठल्या रूपात प्रत्येक विश्वाने दिले. दाद मात्र तिथेच मिळाली जिथे पलीकडे ऐकणारे माणूस होते, घडलेले टिकवून ठेवण्याची सोय होती आणि निकाल तक्रारदाराला कळत होता. यांपैकी एक जरी गळाले तरी बटण हे एसटी आगारातील त्या तक्रारवहीसारखे होते, जिची पाने भरत जातात आणि जिची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

आपल्या विद्यापीठांत आणि शाळांत आता आभासी प्रयोगशाळा, आभासी वर्ग, आभासी परिषदा येत आहेत. त्यांच्या निविदांत पडद्याची स्पष्टता आणि प्रोसेसरची गती यांचे तपशील असतात. त्यात आणखी चार ओळी असाव्यात: तक्रार कोण ऐकणार, किती तासांत, नोंद किती काळ राहणार, आणि अंतर आपोआप राखले जाणार की मागावे लागणार. यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो प्रश्न वेळेवर विचारण्याचा शहाणपणा.

गेल्या वर्षी आमच्या एका आभासी कार्यशाळेची आखणी माझ्याकडे आली. प्रवेश प्रत्येकाला स्वतंत्र दुव्याने दिला, प्रत्येक दालनात एक स्वयंसेवक नेमला आणि पहिल्याच पानावर तक्रार ऐकणाऱ्या दोन व्यक्तींची नावे लिहिली. त्यांतील एक नाव त्या विद्यार्थिनीचे होते. ते काम तिने स्वतः मागून घेतले. सुरुवातीच्या सूचना सांगताना ती सर्वांना म्हणाली, "कोणी त्रास दिला तर बाहेर पडू नका. आम्हाला हाक मारा. बाहेर कोणी पडायचे ते आम्ही ठरवू."

तीन वाक्ये. २०२० साली तिला माझ्याकडून ती ऐकायची होती.